अमेरिकन लोकसंगीताचे तीन वसंत

भारतीय संगीतानें ऋतूंना आपल्या दरबारांत मानाचें स्थान दिलें आहे. वसंत आणि बहार हे राग त्या ऋतूच्या नांवानेंच ओळखले जातात, आणि फाल्गुनांत होरीचे बोल कानीं पडले कीं थंडी सरल्याचें कोणीं वेगळें सांगावें लागत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रागांची अशी ऋतुचर्या नाहीं. तरी हिवाळ्याचें बर्फ वितळून घरांच्या खिडक्या उघडल्या म्हणजे तेथील जुन्या ध्वनिमुद्रिकांचे शोकी आपल्या संग्रहांतून कांहीं ठराविक तबकड्या बाहेर काढतात. डोंगरी मुलखांतलें जुनें 'कंट्री' संगीत, दक्षिणेकडील तरुणांचें द्रुत लयीचें 'रॉकबिली' आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उमललेलें 'सर्फ' संगीत, हे तीन प्रकार त्यांत हटकून असतात. तिन्ही प्रकारांत मोकळ्या हवेचा उल्हास आहे, आणि तिन्हींचा बहर अल्पकाळांत येऊन गेला. हें संगीत ऐकण्यास हलकें वाटतें; त्याचा इतिहास मात्र तितका हलका नाहीं. तें खरोखर कोणाचें, हा प्रश्न जन्मापासून त्याच्यामागें लागला आहे.

या प्रश्नाचा उगम एका व्यापारी सोयींत आहे. १९२० सालीं मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही ध्वनिमुद्रिका ओके नांवाच्या कंपनीनें काढली व ती अपेक्षेबाहेर खपली. कृष्णवर्णीय समाज हा ध्वनिमुद्रिकांचा मोठा गिऱ्हाईक आहे, हें त्या वेळीं कंपन्यांना प्रथम उमगलें. १९२३ सालीं त्याच कंपनीच्या राल्फ पीर या अधिकाऱ्यानें अटलांटा शहरीं जॉन कार्सन या फिडलवादकाचीं दोन गाणीं मुद्रित केलीं. पीरला तें गायन मुळींच रुचलें नव्हतें. परंतु स्थानिक व्यापाऱ्याच्या आग्रहाखातर काढलेल्या पांचशें प्रती हां हां म्हणतां संपल्या. मग कंपन्यांनीं आपल्या सूचिपत्रांचे दोन भाग पाडले. कृष्णवर्णीयांच्या मालिकेला 'रेस', म्हणजे वंश, हें नांव मिळालें. डोंगराळ मुलखांतील गौरवर्णीयांच्या मालिकेला 'हिलबिली', म्हणजे डोंगरी गांवढळ, असें थट्टेचें नांव पडलें. पुढें १९४९ सालीं बिलबोर्ड या व्यापारी साप्ताहिकानें 'रेस' ऐवजीं 'ऱ्हिदम अँड ब्लूज' आणि दुसऱ्या प्रकाराला 'कंट्री अँड वेस्टर्न' अशीं सभ्य नांवें दिलीं. नांवें बदललीं तरी मधली रेघ कायम राहिली.

प्रत्यक्ष गांवांत ही रेघ कधींच सरळ नव्हती. बँजो या वाद्याचे पूर्वज गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांबरोबर अमेरिकेंत आले. फिडल, म्हणजे आपलें व्हायोलिन, स्कॉटलंड व आयर्लंडमधील निर्वासितांबरोबर आलें. पोलादी कांडी तारांवरून सरकवून गिटार वाजविण्याची पद्धति हवाई बेटांची. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर तिनें साऱ्या अमेरिकेला वेड लावलें. शेतांत, लोहमार्गाच्या कामावर आणि गिरण्यांच्या वस्त्यांत दोन्ही वर्णांचे मजूर एकमेकांचें गाणें ऐकत व उचलत. दक्षिणेंतील कायद्यानें त्यांच्या शाळा, आगगाडीचे डबे आणि उपाहारगृहें वेगळीं केलीं होतीं. कानांवर मात्र त्या कायद्याची सत्ता चालत नव्हती.

१९२७ सालच्या उन्हाळ्यांत पीर हा व्हिक्टर कंपनीच्या वतीनें टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन संस्थानांच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं आला. मायक्रोफोनच्या साहाय्यानें विजेवर ध्वनिमुद्रण करण्याची पद्धति दोनच वर्षांपूर्वीं प्रचारांत आली होती, आणि तिच्यामुळें हळुवार आवाजाचें गायनहि तबकडीवर स्पष्ट उमटूं लागलें होतें. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या अवधींत टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतींत १९ कलावंतांनीं व मंडळ्यांनीं मिळून ७६ मुद्रणें केलीं. त्यांतच कार्टर कुटुंब होतें. ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि सारेची नात्यांतील बहीण मेबेल हीं तिघें जवळच्या खोऱ्यांतून मोटारीनें डोंगरी रस्त्यानें आलीं. मेबेल अवघी अठरा वर्षांची असून गरोदर होती. गिटारच्या जाड तारांवर अंगठ्यानें मूळ चाल वाजवावयाची आणि त्याच वेळीं इतर बोटांनीं वरच्या तारा छेडून ताल धरावयाचा, अशी तिची धाटणी होती. तोंपर्यंत साथीला बसणारें हें वाद्य तिच्या हातीं चाल सांगूं लागलें. १९२८ च्या मे महिन्यांत या तिघांनीं मुद्रित केलेलें 'वाइल्डवुड फ्लॉवर' हें गाणें गिटार शिकणारे विद्यार्थी आजहि बसवितात.

या कुटुंबाच्या यशाबरोबर आणखी एका माणसाचें नांव घेणें अवश्य आहे. कंपनीला सतत नवीं गाणीं हवीं असत, म्हणून ए. पी. डोंगरदऱ्यांतून गाणीं गोळा करीत हिंडे. त्याला शब्द उतरवून घेतां येत, परंतु चाली ध्यानांत राहत नसत. टेनेसींतील किंग्सपोर्ट गांवीं त्याची गांठ लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाशीं पडली. सिमेंटच्या कारखान्यांतील अपघातांत रिडलचा एक पाय गेला होता. स्मरणशक्ति मात्र विलक्षण होती. दोघे मिळून घरोघर जात. ए. पी. शब्द लिहून घेई आणि रिडल चाल मनांत सांठवून आणून ती कार्टर भगिनींना शिकवी. त्याच्या वादनापासून आपण पुष्कळ घेतलें, हें मेबेलनें पुढें मोकळेपणानें सांगितलें. ध्वनिमुद्रिकांवर मात्र त्याचें नांव कधीं छापलें गेलें नाहीं. गाण्यांच्या स्वामित्वाची नोंद ए. पी.च्या नांवें होत असे. १९६० नंतरच्या दशकांत माइक सीगर या गायक-संशोधकानें रिडलला शोधून काढलें व त्याचें वादन मुद्रित केलें, तेव्हां त्याची साठी जवळ आली होती.

ब्रिस्टल येथेंच ४ ऑगस्ट रोजीं जिमी रॉजर्स यानें आपलीं पहिलीं दोन गाणीं दिलीं. मिसिसिपी संस्थानांतील मेरिडियन येथील हा तरुण आगगाडीवर ब्रेक सांभाळण्याचें काम करी. क्षयानें तें काम सुटलें आणि गाणें हाच चरितार्थ झाला. कृष्णवर्णीय मजुरांचें 'ब्लूज' आणि आल्प्स पर्वतांतील गुराख्यांचें 'योडल', म्हणजे आवाज छातींतून एकदम उंच बारीक स्वरावर फेकण्याची लकब, या दोहोंचा त्यानें मिलाफ केला. १९३० सालीं लॉस एंजेलिस येथें त्याच्या 'ब्ल्यू योडल क्रमांक ९' या गाण्याला ट्रम्पेटची साथ लुई आर्मस्ट्राँगनें आणि पियानोची साथ त्याच्या पत्नीनें, लिल हिनें, केली. जॅझ संगीताचा हा थोर कलावंत त्या तबकडीवर स्पष्ट ऐकूं येतो, परंतु तिच्या कागदी चकतीवर त्याचें नांव नाहीं. २६ मे १९३३ रोजीं, वयाच्या ३५ व्या वर्षीं, रॉजर्स वारला. अखेरच्या मुद्रणाच्या वेळीं त्याच्यासाठीं खोलींत खाट घातलेली होती, आणि दोन गाण्यांच्या मध्यें तो तिच्यावर विसावा घेत असे.

रॉजर्सच्या तबकड्या त्या काळीं भारतांतहि विकल्या जात. किशोरकुमार यानें आपली योडल रॉजर्सच्या व न्यूझीलंडांत जन्मलेल्या टेक्स मॉर्टनच्या ध्वनिमुद्रिका ऐकून साधली असें सांगतात. १९६१ सालच्या 'झुमरू' चित्रपटांत ती सर्वांनीं ऐकली. हवाई गिटारचा प्रवासहि असाच झाला. १९४० च्या दशकांत ताउ मो हा हवाईयन कलावंत सहकुटुंब कलकत्त्यास राहिला, आणि पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांत व्हॅन शिपले यानें विजेवरील गिटारला स्थान मिळवून दिलें. मिसिसिपीचा मजूर आणि मुंबईचा वादक यांच्या हातीं तें वाद्य एकाच बेटांतून पोंचलें होतें.

कंट्री संगीत घरोघर नेलें तें नभोवाणीनें. नॅशव्हिल येथील डब्ल्यू. एस. एम. हें केंद्र एका विमा कंपनीचें होतें. २८ नोव्हेंबर १९२५ पासून त्यावर शनिवारीं रात्रीं ग्रामीण वादनाचा कार्यक्रम होऊं लागला. १९२७ च्या डिसेंबरांत एका शनिवारीं त्याच्या आधीं न्यूयॉर्कहून अभिजात पाश्चात्य संगीताचा कार्यक्रम क्षेपित झाला. तो संपल्यावर निवेदक जॉर्ज हे यानें पहिला मान डीफोर्ड बेली याला दिला. बेली हा गुलामाचा नातू. माऊथ ऑर्गनवर तो आगगाडीचा आवाज असा काढी कीं डब्यांचा खडखडाट आणि शिटी हुबेहूब डोळ्यांपुढें उभी राहावी. त्याचें वादन संपतांच हे यानें विनोदानें म्हटलें कीं, इतका वेळ श्रोत्यांनीं भव्य 'ऑपेरा' ऐकला, आतां ऐकावयाचा तो 'ग्रँड ओल ऑप्री'. तेंच नांव कार्यक्रमाला कायमचें चिकटलें, आणि तो कार्यक्रम आजतागायत चालू आहे.

ज्याच्या वादनानंतर हें नामकरण झालें, तो बेली त्या कार्यक्रमाचा अत्यंत लोकप्रिय वादक होता. दौऱ्यावर मात्र सहकाऱ्यांच्या उपाहारगृहांत त्याला जेवतां येत नसे, कीं त्यांच्या निवासांत उतरतां येत नसे. १९४१ सालीं गीतांच्या परवान्यांविषयींच्या वादाचें निमित्त होऊन त्याला कामावरून दूर करण्यांत आलें. त्यानंतरचीं अनेक वर्षें त्यानें नॅशव्हिल येथें पादत्राणांना पॉलिश करण्याचें दुकान चालवून पोट भरलें. दुसऱ्या एका शिक्षकाची गोष्टहि याच जातीची आहे. अलाबामा संस्थानांत रूफस पेन हा कृष्णवर्णीय वादक रस्त्यावर गिटार वाजवीत असे. त्याच्या मागें लागून एका गौरवर्णीय पोरानें गाण्याचे धडे घेतले. तो पोरगा म्हणजे हँक विल्यम्स. पेन १९३९ सालीं दारिद्र्यांत मरण पावला. शिष्य कीर्तीच्या शिखरावर पोंचला आणि १ जानेवारी १९५३ रोजीं, अवघ्या २९ व्या वर्षीं, निवर्तला.

दुसरा वसंत मेम्फिस शहरीं फुलला. तेथें सॅम फिलिप्स यानें १९५० सालीं एक लहानसें ध्वनिमुद्रणगृह उघडलें होतें. ५ जुलै १९५४ रोजीं तेथें १९ वर्षांचा एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवादक स्कॉटी मूर आणि मोठें बास वाद्य वाजविणारा बिल ब्लॅक हे एकत्र आले. कांहीं केल्या मनासारखें मुद्रण होईना. विश्रांतीच्या वेळीं प्रेस्ली सहज उड्या मारीत 'दॅट्स ऑल राइट' हें गाणें म्हणूं लागला. तें आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकानें १९४६ सालीं मुद्रित केलें होतें. फिलिप्सनें तेंच टिपून घेतलें. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला बिल मन्रो या गौरवर्णीय कंट्री गायकाचें गाणें घालण्यांत आलें. एका बाजूला 'रेस', दुसऱ्या बाजूला 'हिलबिली'. तीस वर्षें वेगवेगळ्या सूचिपत्रांत ठेवलेल्या दोन गोष्टी एकाच चकतीच्या दोन पाठी झाल्या. तालवाद्य नव्हतें; बासच्या तारा लांकडावर थडकावून ठेका धरला जाई. दोन ध्वनिफीत यंत्रांच्या साहाय्यानें फिलिप्स आवाजाला क्षणभरानें येणारा प्रतिध्वनि जोडी, त्यामुळें तीन माणसांचें वादन भरदार वाटे. 'रॉक' आणि 'हिलबिली' या शब्दांच्या जोडणींतून या धाटणीला रॉकबिली हें नांव मिळालें.

थोड्याच दिवसांत मेम्फिसच्या नभोवाणीवर ड्यूई फिलिप्स या निवेदकानें ती तबकडी पुनः पुनः लावली व प्रेस्लीला मुलाखतीसाठीं बोलावून घेतलें. त्यानें त्याला एक साधा प्रश्न केला: शिक्षण कोणत्या शाळेंत झालें? वर्णभेदामुळें शाळा वेगळ्या होत्या, तेव्हां शाळेच्या नांवावरून गायक गौरवर्णीय असल्याचें श्रोत्यांना आपोआप कळलें. याच्या सातच आठवडे आधीं, १७ मे रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें शाळांतील वर्णभेद घटनाविरोधी ठरविला होता. ज्या प्रश्नाशीं न्यायालय झगडत होतें, तोच प्रश्न एका गाण्यापुढें उभा राहिला, आणि तो उघडपणें विचारण्याची सोय अजून नव्हती.

या धाटणीचा खरा बहर १९५६ च्या वसंतांत आला. कार्ल पर्किन्स हा टेनेसींतील खंडकरी शेतमजुराचा मुलगा. कापसाच्या शेतांत राबणाऱ्या जॉन वेस्टब्रुक या वृद्ध कृष्णवर्णीयाकडून तो गिटार शिकला होता. त्याचें 'ब्ल्यू स्वेड शूज' हें गाणें त्या वर्षारंभीं प्रसिद्ध झालें व लोकप्रिय, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत वरच्या स्थानीं गेलें. व्यापाऱ्यांनीं आंखलेली रेघ गिऱ्हाइकांनींच ओलांडली होती. परंतु २२ मार्च रोजीं, दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठीं न्यूयॉर्कला जात असतां, पर्किन्सच्या मोटारीला भीषण अपघात झाला. तो रुग्णालयांत पडून असतां तेंच गाणें प्रेस्लीच्या आवाजांत देशभर पोंचलें. १९५८ सालीं प्रेस्ली सैन्यांत दाखल झाला, ३ फेब्रुवारी १९५९ रोजीं बडी हॉली विमान अपघातांत गेला, १७ एप्रिल १९६० रोजीं एडी कॉक्रन इंग्लंडांत मोटार अपघातांत गेला, आणि तो बहर ओसरला. क्रूडप शेतमजुरी करीत राहिला; १९७४ सालीं तो वारला तोंवर त्याच्या गाण्यांचें हक्काचें धन त्याला पुरतें मिळालें नव्हतें.

तिसरा वसंत समुद्रकांठचा. फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ हवाई बेटांचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हलक्या कृत्रिम फेसाच्या फळ्या निघाल्या व तो खेळ कॅलिफोर्नियाच्या तरुणांच्या आटोक्यांत आला. १९६१ सालीं बाल्बोआ येथील रॉन्देव्हू नृत्यगृहांत डिक डेल हा गिटारवादक वाजवूं लागला, आणि दिवसभर समुद्रांत खेळलेलीं मुलें सायंकाळीं हजारोंनीं तेथें लोटूं लागलीं. लाटेचा वेग व गर्जना त्याला तारेवर आणावयाची होती. त्याच्या जोरकस वादनानें ध्वनिवर्धक निकामी होत, म्हणून लिओ फेंडर या कारागिरानें त्याच्यासाठीं अधिक ताकदीचा ध्वनिवर्धक घडविला. फेंडरच्याच दुसऱ्या पेटींत आवाज पोलादी स्प्रिंगांतून नेऊन त्याला ओलसर घुमारा दिला जाई. पुढें तो घुमारा म्हणजेच सर्फ संगीताची ओळख झाली. १९६३ सालीं 'पाइपलाइन' आणि 'वाइप आउट' हीं वाद्यगीतें शाळकरी वयाच्या मुलांच्या मंडळ्यांनीं गाजविलीं.

डेलचें मूळ नांव रिचर्ड मन्सूर. त्याचे वडील लेबनॉनी वंशाचे होते. लहानपणीं त्यानें आपल्या चुलत्याला ऊद हें अरबी तंतुवाद्य वाजवितांना पाहिलें होतें. १९६२ सालीं त्यानें मुद्रित केलेलें 'मिसिर्लू' हें पूर्व भूमध्य समुद्रकांठचें जुनें गीत. त्याचें ग्रीक भाषेंतील मुद्रण १९२७ सालींच न्यूयॉर्कमध्यें झालें होतें. नांवाचा अर्थ मिसरची, म्हणजे ईजिप्तची, स्त्री असा आहे. त्याचे स्वर मराठी श्रोत्याला परके वाटणार नाहींत. ऋषभ व धैवत कोमल आणि बाकीचे स्वर शुद्ध, म्हणजे भैरव थाटाचीच ती चौकट. कॅलिफोर्नियाच्या गौरवर्णीय तारुण्याचें प्रतीक म्हणून जी चाल जगभर गाजली, ती अशी पूर्वेकडून निर्वासितांच्या गांठोड्यांतून आलेली आहे. सर्फ संगीताचें सर्वांत प्रसिद्ध गीत, बीच बॉइज या मंडळींचें १९६३ सालचें 'सर्फिन् यू. एस. ए.', हेंहि चक बेरी या कृष्णवर्णीय कलावंताच्या १९५८ सालच्या चालीवर उभारलेलें होतें. आरंभींच्या तबकड्यांवर बेरीचें नांव नव्हतें. पुढें तें छापावें लागलें. १९६४ च्या फेब्रुवारींत बीटल्स अमेरिकेंत उतरले आणि तरुणांचे कान दुसरीकडे वळले. मिसिर्लू मात्र १९९४ सालच्या 'पल्प फिक्शन' या चित्रपटानें पुन्हा जागें केलें. डेल १६ मार्च २०१९ रोजीं वारला.

हे तिन्ही वसंत एकत्र पाहिले म्हणजे गौरवर्णीय अमेरिकेचें शुद्ध, देशी म्हणून ज्याचें कौतुक होतें त्या संगीताच्या मुळाशीं आफ्रिका, हवाई, आल्प्स आणि लेबनॉन दिसूं लागतात. यांत रॉजर्स, मेबेल, पर्किन्स किंवा डेल यांचें मोठेपण उणावत नाहीं. त्यांनीं घेतलें तें आपल्या प्रतिभेनें वाढविलें. उसनवारी ही सर्व लोकसंगीताची रीतिच आहे. अन्याय झाला तो हिशेबाच्या वहींत, कारण ज्यांच्याकडून घेतलें त्यांचीं नांवें चकतीवर उमटलीं नाहींत आणि धनहि त्यांच्या दारीं गेलें नाहीं. अलीकडे ही चूक थोडी थोडी दुरुस्त होत आहे. डीफोर्ड बेलीचा अंतर्भाव २००५ सालीं नॅशव्हिलच्या कंट्री संगीताच्या सन्मानमंदिरांत झाला. तेव्हां त्याला जाऊन तेवीस वर्षें झालीं होतीं.

वसंतांतल्या एखाद्या सकाळीं हें संगीत ऐकावयाचें झाल्यास 'वाइल्डवुड फ्लॉवर' पासून आरंभ करावा आणि मेबेलच्या अंगठ्याकडे लक्ष द्यावें. मग रॉजर्सचें नववें योडल लावून त्यामागचा ट्रम्पेट ओळखावा. दुपारीं प्रेस्लीचें पहिलें गाणें ऐकण्यापूर्वीं क्रूडपचें मूळ ऐकावें, आणि दिवस कलतांना मिसिर्लूंतील भैरवाचे स्वर शोधावेत. अखेरीस बेलीचें 'पॅन अमेरिकन ब्लूज' लावावें. त्यांत शब्द नाहींत. एक माणूस, एक लहानसा बाजा आणि दूर जाणारी आगगाडी, इतकेंच त्यांत ऐकूं येतें.